एमएमआरची तिसरी मात्रा आणि लाल शाईतली नोंद : लसीच्या तीव्र ॲलर्जीचा धोका कसा तोलावा?

कोलशेतकर (धागाकर्ता)

नमस्कार. माझी मुलगी पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होईल. तिला एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या) लसीची तिसरी मात्रा द्यावी की नाही, यावर आमच्या घरात तीन महिने एकमत होत नाही. आम्ही लसविरोधक नाही, हे आधीच सांगतो. बीसीजीपासूनच्या सगळ्या लसी तिला वेळेवर दिल्या होत्या. प्रश्न आहे तो ती पंधरा महिन्यांची असताना जे घडले त्याचा.

त्या दिवशी ठाण्यातल्या एका खाजगी दवाखान्यात तिला दुसरी मात्रा दिली. बाहेर रांग होती, त्यामुळे पाच मिनिटेही न थांबता आम्ही रिक्षात बसलो. कापूरबावडीच्या सिग्नलपाशी, म्हणजे टोचल्यापासून साधारण वीस मिनिटांनी, ती कान चोळू लागली. झबले वर करून पाहिले तर पोटावर रुपयाएवढ्या गांधी उठल्या होत्या आणि पाहता पाहता त्या एकमेकींत मिसळत होत्या. मग उलटी झाली, रडण्याचा आवाज बसला आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टी वाजल्यासारखे ऐकू येऊ लागले. रिक्षावाल्याने तिथूनच रिक्षा वळवली, म्हणून बारा मिनिटांत परत पोहोचलो. तिथे तिला एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोनची इंजेक्शने दिली, नेब्युलायझर लावला आणि संध्याकाळपर्यंत ती खेळू लागली. लसीकरणाच्या कार्डावर लाल शाईने ‘अंड्याची ॲलर्जी’ असे लिहून आम्हाला घरी पाठवले. त्या धसक्याने कांजिण्यांची लसही तेव्हापासून राहून गेली आहे.

गंमत म्हणजे, गंमत म्हणवत नाही तरी, ही मुलगी त्यानंतर प्रत्येक वाढदिवसाला अंडे घातलेला केक खात आली आहे आणि तिला कधी साधी खाजही सुटलेली नाही.

आता एक डॉक्टर म्हणतात, ‘दहा लाखांत एखाद्याला होते, बिनधास्त द्या.’ दुसरे म्हणतात, ‘आयुष्यात पुन्हा कधीही नको.’ माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ गोवराने गेला, त्यामुळे त्यांना लस हवी आहे. पत्नीला रिक्षातली ती बारा मिनिटे आठवतात. दोघांपैकी कोणालाही मी चूक म्हणू शकत नाही. ज्यांना अनुभव किंवा माहिती आहे त्यांनी कृपया लिहावे.

संशयात्मा

दहा लाखांत एक हे वाक्य ऐकायला छान वाटते, पण ज्याच्या घरी ते घडते त्याच्यासाठी प्रमाण शंभर टक्के असते. कोविशील्ड घेतल्यावर ॲनाफिलॅक्सिसने, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र ॲलर्जीने, ६८ वर्षांच्या एका गृहस्थांचा मृत्यू झाल्याचे २०२१ मध्ये सरकारी समितीनेच मान्य केले होते. त्यामुळे ‘काही होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे, एवढेच म्हणतो.

आकडेमोड_ऐरोली

पोटापाण्यासाठी मी विम्याच्या कंपनीत जोखमीची गणिते करतो, वैद्यक माझा विषय नाही. म्हणून फक्त आकड्यांबद्दल लिहितो.

दहा लाखांत एक हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात दिलेल्या सुमारे २ कोटी ५१ लाख मात्रांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लसीमुळे झालेल्या ॲनाफिलॅक्सिसचे ३३ रुग्ण निश्चित झाले, म्हणजे दर दहा लाख मात्रांमागे १.३. त्यांपैकी कोणीही दगावले नाही. कोणी आपणहून तक्रार करील याची वाट न पाहता रुग्णालयांच्या नोंदी शोधून हा आकडा काढला होता, म्हणून मी तो विश्वासार्ह मानतो. सगळ्या लसींना मात्र तो एकच आकडा लावता येत नाही. फायझरची कोविड लस डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा पहिल्या दहा दिवसांत सुमारे १९ लाख मात्रांमागे २१ जणांना ॲनाफिलॅक्सिस झाला, म्हणजे दहा लाखांमागे ११. तुलनेसाठी, पेनिसिलिनबाबत सामान्यतः दर दहा हजारांत एक ते पाच असे प्रमाण सांगितले जाते आणि ते आपण खोकल्यापडशालाही मागून घेतो.

तरीही कोलशेतकर, ‘बिनधास्त द्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरांचे गणित चुकले आहे. तो आकडा ज्यांना पूर्वी काहीही झालेले नाही अशा लोकांच्या प्रचंड गर्दीचा आहे. तुमची मुलगी त्या गर्दीतून बाहेर पडली आहे. ज्या घरात एकदा शॉर्टसर्किटने आग लागली आणि वायरिंग बदललेच नाही, त्या घराचा हप्ता आम्ही शहराच्या सरासरीवर ठरवत नाही.

संशयात्मा यांनाही तेच उत्तर, फक्त उलट बाजूने. ज्याच्या घरी घडले त्याचे शंभर टक्के शेजाऱ्याच्या घरी लावता येत नाहीत. कोलशेतकरांच्या मुलीचा अनुभव हे त्यांच्या मुलीबद्दलचे मोलाचे ज्ञान आहे. मजल्यावरच्या इतर मुलांबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

बालवैद्य_नेरुळ

आकडेमोड यांच्याशी मी सहमत आहे. मुलीला न तपासता उपचार सुचवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून तुमच्या मजकुरातून जे दिसते तेवढेच लिहितो.

टोचल्यापासून वीस मिनिटांत अंगभर गांधी, उलटी, बसलेला आवाज आणि छातीत घरघर, म्हणजे त्वचा, पोट आणि श्वसनमार्ग अशा तीन ठिकाणी एकाच वेळी लक्षणे. याला ॲनाफिलॅक्सिस हेच नाव आहे, ‘थोडी रिॲक्शन’ नव्हे. आधीच्या मात्रेला ॲनाफिलॅक्सिस झाला असेल तर त्याच लसीची पुढची मात्रा नेहमीच्या पद्धतीने द्यायची नाही, हा नियम आहे. नेहमीच्या पद्धतीने, हे शब्द कृपया दोनदा वाचावेत. ॲलर्जीतज्ज्ञाने कारण शोधून, गरज असेल तरच आणि रुग्णालयात, हा मार्ग उरतो. म्हणजे तुम्हाला भेटलेले दोन्ही डॉक्टर निम्मे निम्मे बरोबर होते.

दुसरा मुद्दा मला बोचणारा आहे, कारण तो आमच्या व्यवसायाच्या सवयीचा आहे. ॲनाफिलॅक्सिसवर पहिले औषध ॲड्रेनॅलिन हे आहे, ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचे आणि लगेच द्यायचे. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते, आवळलेल्या श्वासनलिका सैल करते आणि ज्या पेशींतून हे सगळे रसायन बाहेर पडत असते त्यांनाही आवर घालते. एव्हिल त्यांतल्या फक्त हिस्टामिन या एका रसायनाला अडवते, तेही सावकाश. हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, त्याचा परिणाम दिसायला काही तास लागतात. एव्हिल देऊन खाज कमी होते, रक्तदाब सावरत नाही. तुमची मुलगी सावरली याचा आनंद आहे, पण तिला योग्य औषध मिळाले म्हणून ती सावरली असे म्हणता येणार नाही.

तिसरे, अंड्याचे. अनेक एमएमआर लसींमधले गोवर आणि गालगुंडाचे विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात, म्हणून ‘लस म्हणजे अंडे’ असे समीकरण बसले आहे. प्रत्यक्षात त्यात अंड्यातले प्रथिन नगण्य असते आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांनाही ही लस देतात. पिवळ्या तापाच्या लसीची गोष्ट वेगळी. ती अंड्यातच तयार होते. जी मुलगी दरवर्षी केक खाते तिच्या कार्डावर अंडे लिहिणे म्हणजे खरा गुन्हेगार मोकळा सोडणे आहे.

माझा संशय जिलेटिनवर आहे, म्हणून एक प्रश्न विचारतो. जेली, मार्शमॅलो, चघळायच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या किंवा कॅप्सूल यांपैकी कशाने तिला कधी त्रास झाला आहे का?

माई_कळवा

मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात एकतीस वर्षे परिचारिका होते, त्यामुळे टोचून घेतल्यावर ‘सिस्टर, आम्ही निघतो’ म्हणणारे पालक मी हजारोंनी पाहिले आहेत. अर्धा तास बसा म्हटले की जिन्यापर्यंत जाऊन उभे राहायचे आणि माझी पाठ वळली की पसार व्हायचे. कोविडच्या वेळी पोलीस उभा असायचा, म्हणून लोक निरीक्षण कक्षात बसले तरी.

आमच्या टेबलावर लसीच्या डब्याशेजारी ॲनाफिलॅक्सिसचा किट असे. त्यात ॲड्रेनॅलिनचे ॲम्प्यूल, इन्सुलिनची सिरिंज, एक इंची सुया, कापूस आणि वयाप्रमाणे किती द्यायचे याचा छापील कागद. सकाळी सत्र सुरू करण्याआधी मी ॲम्प्यूल खिडकीशी धरून पाहत असे. पाण्यासारखे स्वच्छ दिसले पाहिजे. पिवळसर किंवा तपकिरी झाले असेल तर मुदत उरली असली तरी टाकून द्यायचे, कारण उजेडाने आणि उष्णतेने ते खराब होते. डॉक्टर येईपर्यंत वाट न पाहता पहिली मात्रा परिचारिकेने द्यावी, अशी आम्हाला रीतसर परवानगी आणि प्रशिक्षण होते. एकतीस वर्षांत ते ॲम्प्यूल मी दोनदा फोडले. दोन्ही मुले आज लग्नाच्या वयाची आहेत.

बाळा, तुम्ही ज्या दवाखान्यात पुढे जाल तिथे संकोच न करता किट दाखवायला सांगा. चांगला दवाखाना असेल तर त्यांना राग येणार नाही.

खारघरची_रेवती

माई, एक शंका आहे. दहावीत असताना शाळेत धनुर्वाताची लस घेतल्यावर मी कोसळले होते आणि तेव्हापासून ‘मला लसीची ॲलर्जी आहे’ असे सगळ्यांना सांगत आले आहे. तेही हेच असेल का?

माई_कळवा

किती वेळात कोसळलीस, कशी कोसळलीस आणि आडवे केल्यावर काय झाले, यावरून कळते. सुई पाहताच किंवा टोचल्यावर लगेच चेहरा पांढराफटक पडला, घाम सुटला, नाडी मंद झाली आणि पाय उंच करून झोपवल्यावर पाच मिनिटांत तू ‘शाळेत सांगू नका’ म्हणू लागलीस, तर ती भीतीने आलेली घेरी. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी धावते, अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, धाप लागते आणि आडवे केले म्हणून ते थांबत नाही.

खारघरची_रेवती

शाळेत सांगू नका, असेच म्हणाले होते! धन्यवाद, माई. वीस वर्षांची ॲलर्जी आज गेली.

कोलशेतकर

बालवैद्य, तुमचा प्रश्न वाचून मी पत्नीला हाक मारली आणि आम्ही दोघे काही वेळ एकमेकांकडे पाहत बसलो.

मागच्या दिवाळीत मुलीच्या मामाने दुबईहून मार्शमॅलोचे पाकीट आणले होते. दोन खाल्ल्यावर तिचे ओठ सुजले आणि हनुवटीवर गांधी उठल्या. रंगाचा परिणाम असेल म्हणून आम्ही पाकीट टाकून दिले आणि विसरून गेलो. आई घरी चायना ग्रासची जेली करते, ती मुलगी वाडगाभर खाते, तिने काही होत नाही. आमच्या घरात अंडे चालते, त्यापलीकडे मांसाहार नाही. जी पाकिटे येतात ती हिरवा ठिपका पाहूनच येतात. मग जिलेटिन तिच्या पोटात गेले कधी? आणि पंधराव्या महिन्यात तर तिने मार्शमॅलो पाहिलेही नव्हते.

बालवैद्य_नेरुळ

चायना ग्रास समुद्रशेवाळापासून होते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून, त्यामुळे एकाने त्रास होणे आणि दुसऱ्याने न होणे हे अगदी जुळते. तुमच्या घरात हिरव्या ठिपक्याने इतकी वर्षे नकळत पथ्य पाळले गेले.

पोटात कधी गेले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा असे आहे की आधी पोटात गेलेच नाही. अनेक एमएमआर लसींत विषाणू टिकून राहावेत म्हणून जिलेटिन घालतात. नवव्या महिन्यातल्या पहिल्या मात्रेने शरीराची त्याच्याशी ओळख झाली असेल आणि पंधराव्या महिन्यात ओळखीचे वैर झाले असेल. जपानमध्ये १९९० च्या दशकात नेमके असेच आढळले होते. तिथे लहान बाळांना दिल्या जाणाऱ्या डांग्या खोकला-घटसर्प-धनुर्वाताच्या लसीत जिलेटिन होते. त्याने काही मुले संवेदनशील झाली आणि पुढे गोवराच्या लसीतल्या जिलेटिनने त्यांना ॲनाफिलॅक्सिस झाला. लसींतून जिलेटिन काढून टाकल्यावर असे रुग्ण जवळजवळ दिसेनासे झाले.

पहिल्या खेपेला काही न होता दुसऱ्या खेपेला कोसळणे, ही या विकाराची जन्मकथाच आहे. १९०२ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी समुद्रफूल (सी ॲनिमोन) या सागरी प्राण्याचे विष कुत्र्यांना थोडे थोडे टोचून प्रतिकारशक्ती येते का ते पाहिले, तर आधी टोचलेला कुत्रा दुसऱ्या वेळी अगदी अल्प मात्रेने मिनिटांत मेला. संरक्षणाच्या उलटे, म्हणून त्यांनी ॲनाफिलॅक्सिस हा शब्द घडवला. रिशे यांना १९१३ चे नोबेल मिळाले.

तुमच्यासाठी तीन गोष्टी सुचवतो. ॲलर्जीतज्ज्ञाकडून जिलेटिनविरोधी प्रतिपिंडांची रक्ततपासणी करून घ्यावी. त्याच रक्तात गोवर, रुबेला आणि गालगुंड यांच्याविरुद्ध संरक्षण आहे का तेही पाहावे. दोन मात्रा झालेल्या मुलीला तिसरीतून मिळवायचे काय उरले आहे, हे कळल्याशिवाय धोका तोलणार कशाशी? तिसरी गोष्ट लसीपलीकडची आहे. जिलेटिन सिद्ध झाले तर ते औषधांच्या कॅप्सूलमध्ये असते आणि रक्तदाब घसरल्यावर शिरेतून दिल्या जाणाऱ्या काही द्रवांतही असते, म्हणून ही नोंद प्रत्येक रुग्णालयात पहिल्या पानावर गेली पाहिजे.

मानपाड्याचा_भटक्या

धाग्याशी संबंधित आहे म्हणून लिहितो. मला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. गेल्या वर्षी पहाटे चालायला गेलो असता कुत्रा चावला आणि मी घाबरून दोन दिवस लस टाळली, ‘मला ॲलर्जी आहे’ या सबबीखाली. शेवटी ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनी आधी चांगले झापले. रेबीजची लक्षणे सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्यामुळे चावल्यानंतरच्या लसीला कोणतीही ॲलर्जी आड येऊ शकत नाही. ॲलर्जीचा धोका असेलच तर ॲड्रेनॅलिन शेजारी ठेवून लस रुग्णालयात द्यायची. कोलशेतकर, कोंबडीच्या गर्भपेशींवर तयार होणाऱ्या रेबीज लसीत पॉलीजेलिन नावाचा जिलेटिनपासून केलेला घटक असतो, असेही त्यांनी तेव्हा सांगितले होते. व्हेरो नावाच्या वेगळ्या पेशींवर केलेली लसही मिळते. तुमच्या मुलीसाठी हे लक्षात ठेवावे.

बालवैद्य_नेरुळ

बरोबर आहे, फक्त पर्याय शोधण्यात लसीला उशीर होऊ देऊ नये.

संशयात्मा

म्हणजे शेवटी मी म्हणत होतो तेच निघाले. लसीतल्या घटकाने मुलीला त्रास झाला आणि पालकांना चार वर्षे चुकीचे कारण माहीत होते. मग माझ्या भाचीला ही लस का द्यावी?

आकडेमोड_ऐरोली

तुमच्या रागातला अर्धा भाग रास्त आहे. पाच मिनिटे न थांबवणे, ॲड्रेनॅलिन न देणे आणि अंदाजाने अंडे लिहिणे हे तिन्ही दोष माणसांचे आहेत आणि ते सुधारण्याजोगे आहेत. तुम्ही ज्या ६८ वर्षांच्या गृहस्थांचा उल्लेख केलात, त्याच अहवालात जानेवारी २०२१ मध्ये लस घेतलेल्या दोघांना ॲनाफिलॅक्सिस होऊन ते रुग्णालयात बरे झाल्याचेही होते.

भाचीचे विचाराल तर दुसरे पारडे रिकामे ठेवून तोलता येत नाही. गोवर झालेल्या दर हजार मुलांत साधारण एकाच्या मेंदूला सूज येते आणि एक ते तीन मुले दगावतात. हा हिशेब हजाराचा आहे, दहा लाखांचा नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये गोवंडीत आणि भिवंडीत गोवर पसरला होता. ठाण्याहून भिवंडी किती लांब आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय कोलशेतकरांच्या मुलीसारखी जी मुले पुढची मात्रा घेऊ शकत नाहीत, त्यांच्या आणि गोवराच्या मध्ये तुमच्या भाचीसारखी मुलेच उभी असतात. गोवराला रोखायला शंभरांत सुमारे पंच्याण्णव मुलांना संरक्षण लागते. उरलेल्या पाच जागा कोलशेतकरांसारख्यांसाठी आहेत, आपल्या हट्टासाठी नाहीत.

संशयात्मा

हट्ट हा शब्द टाळता आला असता. पण शेवटचा मुद्दा मी याआधी असा ऐकला नव्हता. बहिणीला धागा पाठवतो. किट दाखवायला सांग, हेही सांगतो.

कोलशेतकर

उशीर झाला, क्षमस्व. तपासण्या आल्या आहेत. जिलेटिनची चाचणी स्पष्ट सकारात्मक आहे, अंड्याची नकारात्मक. गोवर आणि रुबेला यांविरुद्ध पुरेसे संरक्षण आहे, गालगुंडाविरुद्ध नाही.

ॲलर्जीतज्ज्ञ बाईंनी पाऊण तास दिला. त्यांचे म्हणणे असे की ज्या आजाराची आम्हाला सर्वांत भीती होती त्यापासून मुलगी आधीच सुरक्षित आहे, त्यामुळे हीच लस पुन्हा देण्यात फायदा थोडा आणि जोखीम मोठी. गालगुंड बहुतेकदा सौम्य असतो, क्वचित बहिरेपण येऊ शकते, म्हणून तो विषय बंद न करता जिलेटिन नसलेली एमएमआर लस मिळते का ते त्या पाहणार आहेत. राहून गेलेली कांजिण्यांची लस मात्र जिलेटिनविरहित मिळाली. काल सकाळी दहा वाजता वाशीच्या एका रुग्णालयात आधी त्वचेवर थेंब ठेवून चाचणी केली आणि मग लस दिली. दोन तास तिथेच बसलो. पत्नीने दर पाच मिनिटांनी मुलीचे पोट पाहिले, त्यावर मुलगी वैतागली. काही झाले नाही. ट्रेमध्ये ॲम्प्यूल होते; माई, मी ते खिडकीशी धरून पाहिले. स्वच्छ होते.

कार्डावरचे लाल अक्षर खोडून बाईंनी जिलेटिन लिहून दिले आहे. वडिलांना गोवराचा अहवाल वाचून दाखवला. त्यांनी तो घडी करून आपल्या फायलीत ठेवला.

माई_कळवा

फार बरे वाटले. आता एक काम राहिले आहे. पंधराव्या महिन्यातली ती घटना कोणी कळवलीच नसणार. लसीनंतरचा गंभीर त्रास चोवीस तासांत कळवायचा असतो, पण उशिरा कळवलेलेही घेतात. महापालिकेच्या लसीकरण अधिकाऱ्यांकडे त्याचा अर्ज असतो. जुन्या कार्डावर लसीचे नाव आणि बॅच क्रमांक आहे का, ते पाहून ठेवा.

कोलशेतकर

नाव आहे. बॅच क्रमांकाच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. सोमवारी त्या दवाखान्यात जाऊन त्यांची नोंदवही मागतो.